आठवा वाटा

फार फार मागची गोष्ट. तेव्हा रानातल्या जनावरांनाही हिशेब शिकावासा वाटे. त्यांची शाळा एका मोठ्या खडकाखाली भरे आणि गुरुजी होते एक म्हातारं अस्वल.

गुरुजींची शिकवण्याची रीत न्यारी होती. ना पाटी, ना लेखणी. सकाळी येताना प्रत्येकाने मिळतील ती फळं आणायची, सगळ्यांनी मिळून एक ढीग करायचा आणि त्या ढिगाचे सारखे वाटे घालायचे. हाच भागाकार. वाटे घालून जे उरेल ती बाकी. आणि बाकी गुरुजींची, असा शाळेचा नियम होता. तो नियम गुरुजींनीच केलेला.

पोरं होती सात. हा साताचा आकडा गुरुजींना फार गोड लागे. साताने भागलं की बाकी सहापर्यंतसुद्धा राहू शकते, हे त्यांच्या पोटाला पाठ होतं. एकदा फळं नेमकी एकोणपन्नास भरली. प्रत्येकाला सात, बाकी काहीच नाही. गुरुजींनी ढीग हुंगला, एक फळ उचललं, "हे किडकं दिसतंय," म्हणून तोंडात टाकलं आणि म्हणाले, "हां, आता घाला वाटे." त्या दिवशी सहा उरली. किडकं फळ गुरुजी इतक्या मिटक्या मारत कसं खातात, याचं पोरांना नवल वाटलं, एवढंच.

एके सकाळी एक साळिंदर आपल्या पिल्लाला घेऊन आली.

"गुरुजी, याला शाळेत घ्या. बिळात एकटाच खडे मोजत बसतो. पुढे काय करायचं ते मला सांगता येत नाही."

गुरुजींची नजर ढिगाकडे गेली. आज टेंभुर्णीची अठ्ठेचाळीस फळं होती, पिवळीधमक. साताने भागून सहा उरणार होती. आणि आठाने भागलं तर? गुरुजींनी मनात हिशेब केला आणि त्यांचं तोंड कोरडं पडलं.

"घेतलं असतं हो बाई," ते घसा खाकरून म्हणाले. "पण या पोरांच्या वाट्याचं कमी होईल ना. आठवा आला तर पुरायचं कसं?"

"मग नको बाबा!" माकडाचं पोर ओरडलं. "माझं आत्ताच पोट भरत नाही."

"तुझं कधी भरलंय?" ससा म्हणाला. पण भीती त्यालाही वाटलीच.

"चल बाळा," आई म्हणाली. पिल्लू हललं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

खारीला ते बघवेना. "गुरुजी, तुम्हीच सांगता ना, नुसतं तोंडाने बोलू नका, मांडून बघा? मग मांडू का आठ वाटे?"

आपलाच धडा. गुरुजी नाही कसं म्हणणार? "मांड," ते पुटपुटले.

खारीने एकेक फळ ठेवत आठ वाटे घातले. माकडाने आपला वाटा मोजला. सहा. पुन्हा मोजला. सहाच.

"अरे, सात वाट्यांतही सहाच येतात," ससा म्हणाला. "सात सक बेचाळीस."

"आणि आठ सक अठ्ठेचाळीस," खार म्हणाली.

"म्हणजे माझं एकही गेलं नाही?" माकड डोकं खाजवू लागलं. "मग कमी कुणाचं झालं?"

सगळ्यांच्या माना गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी आभाळाकडे पाहिलं, पायाखालच्या मातीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "माझं."

मग गुरुजीच पोट धरून हसू लागले. "शिकवलं मी, आणि सापडलोही मीच! ये रे बाळा, बस इथे सशाजवळ."

आई निश्चिंत होऊन बिळाकडे परतली आणि पिल्लू बसलं. पण समोरच्या फळांना त्याने तोंड लावलं नाही. इकडेतिकडे बघून त्याने विचारलं, "गुरुजींचा वाटा कुठाय?"

हे कुणाला सुचलंच नव्हतं. बाकी गुरुजींना मिळे, पण वाटा त्यांना कधी कुणी घातलाच नव्हता; पोरं मिळून खात आणि गुरुजी बाकी घेऊन एकटेच बाजूला बसत.

पोरांनी फळं पुन्हा एकत्र केली आणि नऊ वाटे घातले. माकड जरा कुरकुरलं, पण त्यानेही आपली सहा परत टाकली. प्रत्येकाला पाच आली आणि उरली तीन. गुरुजींचा पंजा सवयीने पुढे गेला, आणि थांबला. मग त्यांनी नखाने एकेका फळाचे तीन सारखे तुकडे केले. तुकडे नऊ, जमलेले नऊ.

"पाच फळं, आणि वर एका फळाचा तिसरा हिस्सा," गुरुजी म्हणाले. "हा आजचा नवा धडा."

"गुरुजी, हा तिसरा हिस्साच जास्त गोड का लागतो?" माकडाने विचारलं.

"ते भागाकारात येत नाही," पंजा चाटत गुरुजी म्हणाले.

तेव्हापासून बाकी उरली की तिचेही तुकडे होऊ लागले. शाळेत पुढे आणखी किती तरी पिल्लं आली. गुरुजी थोडे बारीक झाले, पण खडकाखाली एकटे जेवायची वेळ त्यांच्यावर पुन्हा आली नाही.

म्हणून बाळांनो, दारी आलेल्याला पुरणार नाही म्हणण्याआधी, त्याला धरून एकदा वाटे घालून बघावेत.