एकाच बर्फातल्या चार बाटल्या

चारही बाटल्या एकाच बर्फाच्या पेटीतून काढायच्या, एकदमच उघडायच्या, एकदमच ग्लासांत ओतायच्या, आणि तरीही प्रत्येक बीअर महाराजांच्या ओठाला लागेल तेव्हा तिच्या तिच्या गारव्यावर असली पाहिजे. ओतल्यावर ग्लासाला कुणी हात लावायचा नाही. जमलं तर ठीक, नाहीतर दौलू आबदाराने बायकापोरांसकट धोंडगड संस्थान सोडायचं.

असा हुकूम भुजंगराव महाराजांनी भर दरबारात सोडला. महाराज नुकतेच विलायतेहून आले होते. तिकडून लोक विद्या आणतात, यंत्रं आणतात. यांनी आणल्या बीअरच्या पेट्या आणि काचेचा एक थर्मामीटर. त्या थर्मामीटरवर चार जातींच्या बीअरचे चार दोरे बांधलेले. सगळ्यांत खाली पिवळा, तो लागरचा. त्यावर पांढरा, गव्हाच्या बीअरचा. मग तांबडा, एलचा. आणि सगळ्यांत वर काळा, स्टाउटचा. लागर दात शिवशिवतील इतकी गार हवी, स्टाउट नुसती गारसर, आणि मधल्या दोघी मधे. पारा दोऱ्याला टेकला नाही की महाराज ग्लास भिरकावून देत. गावातल्या विहिरी आटत चालल्या होत्या, पण त्यांच्यासाठी कुणी दोरा बांधला नव्हता.

राजाचं पाणी, सरबतं गार ठेवायची हे आबदाराचं काम, आणि दौलूचा सगळा जन्म त्यात गेलेला. तो ग्लास गारच देई. पण महाराज ग्लास समोर ठेवून बोलायला लागत. ही कुठे पितात, कोण पितं, कुठल्या उमरावाने आपल्या खांद्यावर हात ठेवला. बोलणं संपेपर्यंत कुणी घोट घ्यायचा नाही, असा दरबारचा रिवाज. बाहेर वैशाख पेटलेला. शेवटी घोट घ्यावा तर लागरचं कोमट पाणी झालेलं, आणि शिव्या कुणाला? दौलूला.

"एका बर्फातून चार गारवे कसे काढायचे गं?" दौलू कपाळाला हात लावून बसला. "आता या वयात कुणाच्या दारात उभा राहू?"

त्याची लेक सगुणा दरबारातल्या वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारायच्या कामावर होती. पडद्याआड उभं राहून महाराजांची सगळी भाषणं तिने ऐकली होती. एकदा नाही, इतक्यांदा की झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवली असती. वडिलांची ती दशा पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"बर्फाची काळजी सोडा, आबा," ती म्हणाली. "उद्या ग्लास मी नेते."

दुसऱ्या दिवशी सगुणा दरबारात आली, तिने बाटल्या उघडल्या आणि चारही ग्लास भरून महाराजांपुढे मांडले.

"दौलूची हिंमत संपली वाटतं?" महाराज मिशीत हसले. "पोरीला पुढे केलं."

"आबांचे हात कापतात, सरकार. ग्लास सांडला असता तर विलायतेचा अपमान झाला असता. एक विनंती आहे. लागरचा घोट आधी घ्यावा. तिच्याबद्दल सरकारांनी इतकं सांगितलंय की दरबाराला पाठ आहे. बाकीच्या तिघींचं मात्र आम्हां अडाण्यांच्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. ते त्या त्या ग्लासाआधी सविस्तर सांगावं."

दरबाऱ्यांचे चेहरे उतरले. महाराजांची छाती फुगली.

संस्थानचे डॉक्टर नेने थर्मामीटर घेऊन पुढे झाले. लागरमध्ये बुडवला, पारा बरोबर पिवळ्या दोऱ्यावर. महाराजांनी घोट घेतला आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

गव्हाच्या बीअरबद्दल त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. थोडं जर्मनांविषयी बोलले, थोडं गव्हाविषयी, आणि आटोपलं. पारा पांढऱ्या दोऱ्यावर.

एलच्या वेळी लंडनचा क्लब आला, तिथल्या खुर्च्या आल्या, खुर्च्यांवरची कातडी आली. महाराज ग्लासाकडे हात नेणार, तेवढ्यात सगुणा अदबीने म्हणाली, "सरकार, क्लबातल्या त्या जिन्याचं राहिलं."

"अरे हो, तो जिना!"

जिना चढून उतरेपर्यंत पारा तांबड्या दोऱ्यावर आला.

मग स्टाउट. तिच्यासोबत तो उमराव, उमरावाची शिकार, शिकारीचा कुत्रा, कुत्र्याचं घराणं आणि अखेर कुत्र्याचा आजोबा. दिवाणजी बसल्या जागी घोरायला लागले. डॉक्टरांनी थर्मामीटर बुडवला आणि डोळे चोळून पुन्हा पाहिलं. पारा काळ्या दोऱ्याला टेकला होता.

"एकाच बर्फातून चार गारवे?" महाराज ग्लास उचलून उभे राहिले. "पोरी, जादू केलीस की काय?"

"जादू कसली, सरकार? बर्फाने चौघींना सारखंच गार केलं होतं. लागरपुढे सरकार गप्प राहिले. गव्हाच्या बीअरपुढे थोडं बोलले, एलपुढे जिना चढले, आणि स्टाउटपुढे कुत्र्याच्या आजोबापर्यंत पोचले. या दरबारात सरकारांच्या बोलण्याइतकी भरवशाची शेगडी दुसरी नाही. माझे आबा रोज गारच देत होते. सरकार तापवून पीत होते."

डॉक्टर नेन्यांनी रुमाल तोंडात कोंबला. महाराजांनी समोरच्या ग्लासांकडे पाहिलं, हातातल्या स्टाउटकडे पाहिलं, आणि एकाएकी असे हसत सुटले की स्टाउट अंगरख्यावर सांडली. दिवाणजी दचकून जागे झाले आणि काही न कळता हसायला लागले.

"दौलू आबदार जागेवर कायम," महाराज डोळे पुसत म्हणाले. मग त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढलं, हातात धरलं आणि घसा खाकरला. "बक्षीस देण्याचीही विलायतेत एक रीत आहे. त्याचं असं झालं, की एकदा..."

सगुणाने हात पुढे केला.

"कडं आधी द्यावं, सरकार. सोनं झालं म्हणून काय झालं? तेही वितळतं."

महाराज पुन्हा हसले आणि त्यांनी कडं तिच्या हातावर ठेवलं. या वेळी मात्र एक शब्दही न बोलता.