पारबताबाईंचा अडकलेला फोन

“आणि त्याच्या पुढे काय, भन्ते?”

विहाराच्या ओट्यावर भन्ते खेमानंद आपल्या विरलेल्या चीवराला टाके घालत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशाच्या पुढे?”

“श्वासाच्या. श्वास बघणं मला जमतं आता. बसलो की बोटसुद्धा हलत नाही. काल पायाला मुंग्या आल्या, तरी उठलो नाही. आता पुढचं शिकवा.”

“पुढचं...” भन्ते म्हणाले, आणि सुईत नवा दोरा ओवू लागले. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. सुगतनं सुई त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली, दोरा ओवला आणि परत दिली.

भन्ते हसले. “पटकन होतं तुझं.”

सुगतला ते कौतुक वाटलं.

सुगत गजभिये मूळचा इकडचाच, भंडाऱ्याकडचा. पण शिकायला म्हणून पुण्याला गेला तो तिथलाच होऊन राहिला. फोनच्या आतली प्रणाली बनवणाऱ्या एका कंपनीत तो मोठ्या जागेवर होता. हाताखाली माणसं होती, बैठकीत त्याचा शब्द शेवटचा असायचा. सुट्टी काढून तो या तळ्याकाठच्या टेकडीवर भन्तेंजवळ राहायला आला होता. नोकरीत जसा वर वर चढत गेलो तसंच इथेही चढायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

धान कापून झालं होतं. खाली धानाच्या बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक हिरवंगार दिसत होतं आणि तळ्यावर सकाळचं ऊन पसरलं होतं. तेवढ्यात पायवाटेनं पारबताबाई वर आल्या.

पारबताबाई रामटेके खालच्या गावच्या. भन्तेंच्या भोजनदानाची पाळी आज त्यांच्या घरची होती. एका हातात डबा होता. दुसऱ्या हातात पदरात गुंडाळून काहीतरी धरलं होतं. डबा ओट्यावर ठेवून त्यांनी वंदन केलं आणि तशाच खाली बसून राहिल्या.

“काय झालं, बाई?”

“माहा फोन मेला जी, भन्तेजी.”

पदर सोडून त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर कंपनीचं नाव उजळलं, विझलं. पुन्हा उजळलं, पुन्हा विझलं.

“रोज इचारे मले, अपडेट आता करू का, आता करू का. म्हटलं, कर बाप्पा एकदाचा! तवापासून असाच करून राह्यला.”

भन्तेंनी सुगतकडे पाहिलं. सुगतनं फोन हातात घेतला, आणि त्याला पाहताक्षणी कळलं.

“अपडेट अर्धवट बसलंय. नवी प्रणाली थोडी आत गेली, थोडी गेलीच नाही. त्यामुळे फोनला चालूच होता येत नाहीये.”

“दुरुस्त होईल?” भन्तेंनी विचारलं.

“हो, त्यात काय! लगेच.”

त्यानं बाजूची दोन बटणं एकदम दाबून धरली. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांच्या काही ओळी आल्या.

“याला रिकव्हरी म्हणतात. इथून सगळं पुसून टाकायचं. फोन नवा आणला तेव्हा होता तसा कोरा होतो आणि चालायला लागतो.”

“सगळं म्हंजे?” पारबताबाईंनी विचारलं.

“आत असेल ते सगळं. फोटो, मेसेज... काही महत्त्वाचं होतं का?”

“गाणी होती जी.”

“गाण्यांचं काय एवढं! नेटवर हवी ती मिळतात.”

“माही गाणी होती,” पारबताबाई हळूच म्हणाल्या. “मी रचलेली.”

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, सुगतलाच तेवढं नव्हतं. पारबताबाई गाणी रचायच्या. जयंतीला, नामकरणाला, कुणी गेल्यावर पुण्यानुमोदनाला त्यांचं गाणं लागायचंच. अक्षर मात्र त्यांना येत नव्हतं, लहानपणापासून धानाच्या रोवणीला जायला लागलं होतं. पोरगी नर्सिंग शिकायला नागपूरला निघाली तेव्हा तिनं आईच्या हातात हा फोन दिला आणि लाल बटण दाबून आवाज कसा भरायचा ते दाखवून ठेवलं. तेव्हापासून चुलीपाशी म्हणा, बांधावर म्हणा, गाणं सुचलं की पारबताबाई लाल बटण दाबायच्या आणि गाऊन ठेवायच्या.

“मग दुसरीकडे कुठे कॉपी नाही ठेवली?” सुगतनं विचारलं. ऑफिसात हाताखालच्यांना विचारायचा त्याच सुरात.

पारबताबाईंची मान खाली गेली.

“चुकलंच साहेब. मले काय समजते... पुसून टाका. पोरगी बोलते त्याच्यावर, चालू झाला म्हंजे झालं. गाणी काय, पुन्हा रचीन.”

“बघा, त्यांचीही काही हरकत नाही,” सुगत भन्तेंना म्हणाला. पडद्यावरची पट्टी एकेक ओळ खाली नेत त्यानं पुसण्याच्या ओळीवर आणली आणि अंगठा बटणावर टेकवला.

भन्तेंनी सुई चीवरात टोचून ठेवली. मग हात लांब करून आपला तळवा फोनवर पालथा घातला. पडदा झाकून गेला.

“काय म्हणाल्या त्या?”

“पुसा म्हणाल्या.”

“पुन्हा विचार.”

“अहो भन्ते, आत्ताच तर...”

“त्यांच्याकडे बघून विचार.”

सुगतनं मान वळवली. आतापर्यंत तो फोनकडेच बघून बोलत होता. आता त्याला बाईंचा चेहरा दिसला. पदराचं टोक त्यांनी मुठीत आवळून धरलं होतं, डोळे मिटले होते, आणि ओठ आवाज न करता हलत होते. कुठलं गाणं येतं, कुठलं येत नाही, ते त्या मनातल्या मनात चाचपत होत्या.

“बाई... पुसू का?”

पारबताबाई बोटांवर गाणी मोजू लागल्या.

...

“थोडीशी आठवून राह्यली,” शेवटी त्या म्हणाल्या. “बाकीची नाही येत जी.”

भन्तेंनी हात उचलून घेतला.

“न पुसता होतं का, सुगत?”

आता खोटं बोलता येणार नव्हतं. होत होतं. तेच अपडेट पुन्हा अख्खं आणायचं आणि आतल्या सामानाला धक्का न लावता केबलनं वरून बसवायचं. पण त्याला वेळ लागतो, आणि दर वेळी जमतंच असं नाही.

“होत असेल,” तो म्हणाला. मग थांबला. “पण मी... मी स्वतः कधी केलेलं नाही. आमच्याकडे ते दुसरे लोक करतात. मला नीट येत नाही ते.”

कितीतरी वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. कान गरम झाले.

“बरं,” भन्ते म्हणाले. “मग कर.”

सुगतनं लॅपटॉप आणला. टेकडीवर नेटवर्क धड मिळायचं ते फक्त मोहाच्या झाडाखाली, म्हणून सगळे तिकडे जाऊन बसले. कसं करायचं ते त्यानं आधी वाचून काढलं. घाई करून चालणार नव्हतं, म्हणून पुन्हा वाचलं. पहिली फाइल उतरवून घेतली ती दुसऱ्याच जातीच्या फोनची निघाली, फोननं ती घेतलीच नाही. दुसरी शोधली. ती मुंगीच्या पावलानं उतरत होती. पारबताबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. भन्ते झाडाला टेकून चीवर शिवत होते.

फाइल आली. केबल लावली. आकडा चढायला लागला, निम्म्यावर गेला, आणि तिथेच बंद पडला.

“गेलं का जी?”

“माहीत नाही.” सुगतनं केबल हलवून पाहिली. फोनच्या तोंडाशी ती सैल बसत होती. “बहुतेक केबल सुटली मधेच. पुन्हा करतो.”

पुन्हा सुरू केलं. या वेळी त्यानं केबल चिमटीत धरून ठेवली, जराही हलू दिली नाही. बोटं दुखायला लागली. आकडा हळूहळू वर गेला, शेवटाला पोचला, आणि झाल्याचं पडद्यावर आलं. त्यानं फोन पुन्हा चालू केला.

नाव उजळलं.

सकाळपासून इथेच विझत होतं. आता विझलं नाही. पण पुढेही सरकेना. नाव आणि त्याच्या खाली गोल गोल फिरणारा एक ठिपका, एवढंच.

“आता?” भन्तेंनी विचारलं.

“आता आत सगळं नव्यानं लावून घेतोय तो. थांबायचं.”

“किती?”

“सांगता येत नाही.”

तिघं थांबले. ठिपका फिरत राहिला. खाली तळ्यात कुणीतरी जनावरं धूत होतं, पाण्याचा आवाज वर येत होता. सुगतचा पाय आपोआप हलायला लागला. तो उठला, दोन येरझाऱ्या घातल्या, परत बसला.

“अडकला असेल,” तो म्हणाला. “एकदा बंद करून बघू?”

“बंद केला तर?”

“तर कदाचित सुरू होईल. नाहीतर... गाणीसुद्धा जातील.”

भन्तेंनी पुढचा टाका घातला.

सुगतचा अंगठा बटणावर गेला. त्यानं तो मागे घेतला. थोड्या वेळानं पाहतो तर अंगठा पुन्हा बटणावरच. असं वारंवार झालं. काल पायाला मुंग्या आल्या तरी न हललेला माणूस, आज त्याचा एक अंगठा जागेवर राहत नव्हता. हे त्याचं त्यालाच दिसलं.

त्यानं फोन उचलून पारबताबाईंच्या हातात दिला.

“तुम्ही धरा बाई. माझा हात राहत नाही.”

पारबताबाईंनी दोन्ही तळव्यांत फोन घेतला, अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू घ्यावं तसा. त्यांनी ना तो हलवला, ना न्याहाळला. नुसता धरून बसल्या. सुगत त्या हातांकडे बघत राहिला. रोवणीच्या चिखलानं बोटांना कायमच्या भेगा पडल्या होत्या. बघता बघता पाय हलायचा थांबला, कधी थांबला ते त्याला कळलं नाही.

...

फोन वाजला. बारीकशी धून, चालू होतानाची. पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी हसत होती.

“माही पोरगी!” पारबताबाई ओरडल्या. त्यांनी गाणी भरून ठेवायची जागा उघडली. गाणी होती. एकाखाली एक, सगळी.

मग त्यांचं लक्ष सूर्याकडे गेलं.

“अगा बाप्पा! बारा वाजून गेले न जी! तुमचं भोजन!”

सुगत दचकला. दुपार झाल्यावर भिक्खू जेवत नाहीत, हे त्याला चांगलं माहीत होतं. डबा ओट्यावर तसाच होता. सगळी सकाळ भन्ते इथे झाडाखाली बसून होते, आणि एकदाही जेवणाचं बोलले नव्हते.

“आज राहिलं,” भन्ते म्हणाले. “सुगतला वाढा. सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही.”

पारबताबाईंनी ओट्यावरून डबा आणला आणि सुगतपुढे भाकर आणि लाखोरीची भाजी ठेवली. तो जेवू लागला. त्या तिथेच बसल्या आणि एक गाणं लावलं. भांड्यांचा खणखणाट, मग त्यांचाच आवाज, पण आत काहीतरी दुखावलेला.

“पेटी घेऊन निघाली लेक, मागं वळून पाहेना...”

सुगतचा घास हातातच राहिला. यातलं एक अक्षर नेटवर कुठे मिळालं नसतं.

पारबताबाईंनी गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग मान हलवली, गाण्यावर बोट दाबून धरलं, आणि ते पुसून टाकलं.

“अहो बाई!” सुगत ताडकन उठला. “हे काय केलंत?”

“ते बरोबर नव्हतं, बाबू. पोरगी गेली त्या दिवशी रागात रचलं होतं. तिनं पाह्यलं होतं वळून. मीच मान फिरवली होती.”

त्यांनी लाल बटण दाबलं. घसा खाकरला. आणि मोहाच्या झाडाखाली बसून गायला लागल्या.

“पेटी घेऊन निघाली लेक, मागं वळून पाहे... पाठमोरी उभी माय, पदर ओला राहे...”

गाणं झालं. त्यांनी ते एकदा ऐकून घेतलं, भन्तेंना वंदन केलं, सुगतच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डबा घेऊन टेकडी उतरू लागल्या. फोन पोरीला लावला असावा. त्यांचं बोलणं, मध्येच हसणं, बराच वेळ वर ऐकू येत होतं.

सुगत तसाच उभा होता.

“भन्ते, शेवटी पुसायचंच होतं... तर सकाळपासून आपण ते वाचवत कशाला बसलो होतो?”

भन्तेंनी चीवराची घडी घातली, ती खांद्यावर टाकली आणि विहाराकडे चालू लागले.

“त्यांना पुसता यावं म्हणून.”