सावली दगडाला लागेपर्यंत

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या आज्याच्या आज्याला मिसरूड फुटायच्याही आधी, सातपुड्याच्या या कुशीत आपलं उंबरकुंड गाव होतं. तेव्हा रान एवढं दाट होतं, की दुपारी हरवलेली म्हैस संध्याकाळी म्हातारी होऊन परत यायची, असं म्हणतात. हसू नका. मी नाही म्हणत, लोक म्हणतात. आणि ज्याला जांभई येतेय त्यानं ती आत्ताच देऊन घ्यावी, पुढं जागा नाही.

त्या गावात वेस्त्या नावाचा तीरंदाज होता. बांबूचा कमठा, बांबूच्याच सालीची दोरी आणि गिधाडाचं पीस लावलेला बाण. त्याच्या बाणाचं पातं असं, की उडत्या माशीची दाढी करावी आणि माशीला कळूही नये. आता माशीला दाढी असते का, हे मला विचारू नका. मी दोनच यत्ता शिकलो.

पण वेस्त्याचं नाव नेमामुळं नाही झालं. नाव झालं ते त्याच्या बसण्यामुळं.

तो बाण सोडायचा आणि खाली बसायचा. कमठा समोर जमिनीत रोवायचा, आणि त्याची सावली जिथं सरकत जाणार तिथं एक दगड ठेवायचा. सावली दगडाला लागेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही. का? तर बाणाला आवाज नसतो. जनावराला वाटतं, काटा बोचला. ते चार पावलं चालतं, सावलीला जाऊन आडवं होतं, आतल्या आत रक्त वाहून जातं आणि झोप लागावी तसं मरतं. पण तुम्ही घाई केलीत, त्याला तुमची चाहूल लागली, की ते उठतं. मग तीन टेकड्या पळतं, नाहीतर तुमच्यावर येतं. "बाण माझा, मरण त्याचं," वेस्त्या म्हणायचा, "त्याला त्याचं मरण निवांत मरू द्या."

या वेस्त्याची धाकटी बहीण झिणी. तिला नवरा मिळाला दामज्या. तो आपल्याच गावात येऊन राहिला, म्हणजे अख्ख्या गावाचा जावई झाला. आता गावाला जावई मिळाला म्हणजे काय, ढोलाला टिपरू मिळालं. आपले पूर्वज माझ्यासारखेच टवाळ. त्याच्या पागोट्यावर हसायचे, त्याच्या चालण्यावर हसायचे, तो जेवला तरी हसायचे, नाही जेवला तरी हसायचे.

दामज्याकडं एक ठासणीची बंदूक होती. कुण्या जहागीरदाराकडं त्यानं दोन वर्षं घोडे राखले, त्याची बक्षिसी. वरून दारू ठासायची, शिशाची गोळी ठासायची आणि बार काढायचा. एकदा बार काढला, की पुन्हा ठासायला चिलीम भरून पेटवायला लागतो तेवढा वेळ.

बंदूक वाईट नव्हती बरं का. खोटं बोलून मला नरकात जायचं नाही, तिथं आमचे बरेच नातेवाईक आहेत. खांद्याच्या हाडावर बाण लागला तर पातं वाकतं. गोळी हाडाचा भुगा करते. नेमकी बसली तर जनावर उभ्याचं आडवं. पण नेमकी नाही बसली, तर जनावराला कळतं. आवाज ऐकू येतो, धूर दिसतो, धुरामागचा माणूस दिसतो. बाणानं जखमी झालेलं जनावर कुणाला दोष देत नाही. गोळीनं जखमी झालेलं जनावर तोंड लक्षात ठेवतं, असं म्हणतात.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. एक एकुलगा डुक्कर, कळप सोडून एकटा फिरणारा नर, पहाटे मोहाखाली यायचा. दामज्यानं त्याच्यावर बार काढला. गोळी जबड्यात बसली. एका बाजूचा जबडा फुटला आणि डुक्कर पळालं.

मग आठ दिवस ते डुक्कर रानात फिरत होतं. त्याला खाता येईना, मरता येईना. जे हलेल त्याच्यावर ते धावायचं. पहिल्यांदा एक गाभण म्हैस फाडली. मग मोह वेचायला गेलेली रेहमी आजी. तिला घरी आणली ती टोपलीत. पुढचं विचारू नका.

असल्या दिवसांतही आपले पूर्वज गप्प बसले नाहीत. दामज्या दिसला, की कुणीतरी म्हणायचं, "पाव्हणं, गोळी अजून पोचली नाही काय? का वाटेत जेवायला थांबली?" दुसरा म्हणायचा, "नाही रे, जावयाची गोळी ती. मानपान केल्याशिवाय लागत नाही." दामज्या मान खाली घालून जायचा. झिणी आत चुलीपाशी ऐकत बसायची.

शेवटी वेस्त्या उठला. दामज्या म्हणाला, "मीही येतो. घाण मी केली, मीच निस्तरीन."

"ये," वेस्त्या म्हणाला, "पण बाण सुटला की बसायचं. सावली दगडाला लागेपर्यंत."

"आणि गोळी सुटली की?"

"गोळी सुटायची नाही, पाव्हण्या."

दोघं ओढ्याच्या वर जाऊन दबले. दिवस कासराभर वर आला तेव्हा डुक्कर पाण्यावर आलं. वेस्त्यानं फासळ्यांच्या मागं बाण मारला. बाण आरपार गेला आणि पलीकडच्या बिवळ्याच्या खोडात थरथरत उभा राहिला. त्या बिवळ्याला अजून खाच मारली, की रक्तासारखा लाल चीक येतो. कुठल्याही बिवळ्याला येतो, हे मला ठाऊक आहे शहाण्यांनो, पण त्याला जास्त येतो.

डुक्कर जरा थबकलं. मग हळूहळू चालत करवंदीच्या जाळीत गेलं. वेस्त्यानं कमठा रोवला, दगड ठेवला आणि बसला. दामज्या त्याच्यामागं बसला.

सावली सरकत होती. जाळीत काही हलत नव्हतं. आणि दामज्याच्या डोक्यात काय चाललं असेल, ते मला आणि तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. डुक्कर बाणानं मेलं, तर जन्मभर हसणार. शेवटचा बार आपला झाला, तर तोंडं बंद होतील. तो उठला. बंदूक घेऊन वेस्त्याच्या शेजारून खाली उतरला.

वेस्त्यानं पाहिलं. त्यानं तोंड उघडलं. हाक मारावी तर डुक्कर उठेल. नाही मारावी तर हा सरळ त्याच्यावर जाईल. जन्मभराची सवय घशात आडवी आली. उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

बार झाला. एक किंकाळी झाली. मग रान गप्प झालं.

सावली दगडापासून अजून वीतभर लांब होती. वेस्त्या बसूनच राहिला. कुणी म्हणतं, त्याचे पाय गेले. कुणी म्हणतं, भ्यायला. कुणी म्हणतं, मनात जुना राग होता. मी त्याच्या जागी नव्हतो, तुम्हीही नव्हता.

बार ऐकून गाव धावत आलं, पुढं झिणी. जाळीत डुक्कर मरून पडलं होतं आणि त्याचं डोकं दामज्याच्या फाडलेल्या मांडीवर होतं. दामज्याही गेला होता. गोळी कवटीवरून घसरली होती. ज्यांना रक्त वाचता येत होतं त्यांनी जमीन वाचली. डुक्कर केव्हाच आडवं झालं होतं. त्याच्यात चार श्वास उरले होते. ते चारही त्यानं दामज्यावर खर्च केले.

झिणी वर चढून आली. भाऊ बसलेलाच होता. सावली दगडापासून दोन बोटं लांब.

"दादा, त्याला जाताना तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग हाक का नाही मारलीस?"

"डुक्कर उठलं असतं."

"आणि आता कोण निजलंय?"

वेस्त्यानं खाली जाळीकडं पाहिलं.

झिणी म्हणाली, "तुझा नेम कधी चुकला नाही, दादा. हाक चुकली. आता मार. आणि तो ओ देईल तेव्हाच ऊठ."

सावली दगडाला लागली आणि पुढं गेली. वेस्त्या उठला नाही. त्यानं हाक मारली, "पाव्हण्या, बसलास का?"

तो दिवस गेला, महिना गेला. पाऊस येऊन गेला. वेस्त्या तिथंच. रोवलेल्या कमठ्याला पानं फुटली आणि त्याचं बांबूचं बेट झालं. मुंग्यांनी त्याच्या गुडघ्यापर्यंत वारूळ चढवलं. तरी टेकडीवरून हाक यायचीच, "पाव्हण्या, बसलास का?" गावात कुणाला घास गिळवेना. थट्टा तर कुणाला सुचेचना. आपल्या गावाला थट्टा सुचेना, म्हणजे केवढं मोठं संकट, बघा.

शेवटी जे सगळ्यांत जास्त हसले होते तेच म्हातारे टेकडी चढले. वेस्त्याच्या पाठीमागं, दामज्या बसला होता त्या जागी, ओळीनं बसले. हाक आली तशी सगळे मिळून म्हणाले, "बसलो."

त्यानंतर हाक आली नाही. जवळ जाऊन पाहिलं तर वेस्त्याच्या जागी माणसाएवढा दगड होता, असं म्हणतात.

आता शिकार बंद झाली. बंदुकाही गेल्या. पण अजून कुणी कड्यावरचा मध काढायला निघालं, मोठं झाड तोडायचं असलं, विहिरीत सुरुंग लावायचा असला, की आधी सगळे वेस्त्याच्या दगडापाशी जाऊन बसतात. गावातला सगळ्यांत म्हातारा काठी रोवतो, लहान दगड ठेवतो आणि एकेकाचं नाव घेऊन विचारतो, "बसलास का?" ज्याचं त्यानं "बसलो" म्हणायचं. एकाची जरी ओ आली नाही, तरी काम त्या दिवशी होत नाही. तिथं जावयाची थट्टा करायची नाही, हाही नेम आहे. तोंड दाबून का होईना, मीसुद्धा पाळतो.

दोन वर्षं झाली, म्हातारा मीच आहे. नावं घेऊन होतात. सावली दगडाला लागायला आली, की मी खाली करवंदीच्या जाळीकडं तोंड करतो आणि विचारतो, "दामज्या, पाव्हण्या, बसलास का?"

मग सगळं गाव म्हणतं, "बसलो."

आणि मगच आम्ही उठतो.