ठमाईची भाकरी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आपल्या खापरपणजोबांच्याही आधीची. कातळवेढ्याच्या ओढ्याकाठी ठमाई नावाची वैदीण राहायची. पाण्यात पाय सोडून उभ्या असलेल्या वाळुंजाच्या झाडाची साल ती उकळायची, आणि त्या कडू काढ्यानं कमरा, गुडघे, दाढा अशा गप्प व्हायच्या की विचारू नका! ठमाईची वाटी दिसली की दुखणं ओढा ओलांडून पळायचं, असं म्हणतात.

पण बाई भारी खट. कुणाला रक्त जातंय, काढा नाही. कुणाला दिवस गेलेत, काढा नाही. तापलेलं पोर तर मुळीच नाही. बाकीच्यांना एकच वाटी, आणि तीही एका प्रश्नानंतर: "जेवलास का?" कारण उपाशी पोटी ती साल आतडी जाळायची.

एका साली ऐन जाखाईदेवीच्या जत्रेत लुमाजीचा गुडघा सुजून भोपळा झाला. पालखीचा पुढचा दांडा त्याच्या घराण्याचा. खांदा दिला नाही तर मान भावकीत जायचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा मान! लुमाजी लंगडत ठमाईच्या दारात आला.

"जेवलास का रं?"

"व्हय, झालं की जेवाण."

आता तुम्हीच सांगा, वाटेत कुणी असं विचारलं तर आपण दुसरं काय म्हणतो? पोटात कावळे ओरडत असले तरी झालंच म्हणतो. लुमाजीच्याही तोंडातून ते सवयीनं निघून गेलं. खरं तर दांडा धरणाऱ्याला देवी डोंगरावरच्या देवळात पोचेपर्यंत कडक उपास! त्यानं वाटी रिकामी केली. जरा वेळानं ठणका ओसरला, आणि गडी ढोलाच्या तालावर नाचत चढाला लागला.

अर्ध्या चढावर पोटात आग पेटली. लुमाजी घामानं निथळला, पण दांडा सोडेना. आणि तेवढ्यात, ऐका हं, पालखीच जागची हलेना! सगळा गाव लागला, पण तसूभर सरकेना. पालखी डोंगराएवढी जड झाली, असं म्हणतात.

ठमाई गर्दीतून धावत आली. लुमाजीचा पांढराफटक चेहरा बघितला मात्र, तिनं काय ते ओळखलं.

"खरं बोल, सकाळधरनं खाल्लंस काय?"

"उपास हाय, ठमाय. तू इचारलंस, आन् मी आपलं म्हनलो..."

ठमाईनं देवीच्या नैवेद्यातली दूधभाकरी उचलली. पुजारी ओरडला, "अगं, उपास मोडंल! मान जाईल त्येचा!"

"मोडू दे! अवं, आईच थांबलीया त्येच्या जेवनासाठी. कळंना व्हय?"

लुमाजी रडत रडत खाऊ लागला. हळूहळू आग विझली. शेवटचा घास पोटात गेला, त्यानं खांदा लावला आणि पालखी फुलासारखी उचलली गेली! काय तो जल्लोष! दांडा लुमाजीचाच राहिला. दुसरी वाटी मात्र ठमाईनं त्याला दिली नाही.

त्या दिवसापासून तिनं तो प्रश्न विचारणंच सोडलं. ती भाकरी हातात ठेवायची आणि घास गिळेपर्यंत समोर बसायची. आजही कातळवेढ्यात कुणी दुखण्याची साधी गोळी मागितली, तरी आधी हातात भाकरी येते. जत्रेत पालखी त्याच चढावर थांबते आणि दांडेकरी देवीच्या आधी जेवतो. मग पुजारी हाळी देतो, "दांडा कुणाचा?"

आणि सारा डोंगर दणाणतो, "जेवलेल्याचा!"