शांतीला बसलेला तांबट

एका गावात एक तांबट होता, आणि त्याच्यामुळे त्या आळीत चाळीस वर्षं कुणाला दुपारची झोप मिळाली नव्हती. सकाळी न्याहारी झाली की तो हातोडा घेऊन बसे, तो दिवे लागेपर्यंत. ठण् ठण् ठण्. हंडे, घागरी, बंब, काय काय. त्याच आवाजात त्याच्या बायकोने, तांबटणीने, पाच लेकरं निजवली, भाकऱ्या थापल्या, दुखणी काढली. तिने एकदाही कानात बोटं घातली नाहीत.

म्हातारपणी तांबटाचे हात थरथरू लागले, तेव्हा लेकाने धंदा हातात घेतला आणि दुकान बाजारात नेलं. घर शांत झालं, पण तांबटाच्या डोक्यातली ठणठण काही थांबेना. बसला तरी तीच, निजला तरी तीच. मेल्यावरही हा हातोडा आपल्यासोबत येणार की काय, या विचाराने त्याचा जीव घाबरा होई.

गावाबाहेर टेकडीवर एक योगी राहत आणि टेकडीच्या पायथ्याला, चर्चमध्ये, एक म्हातारे पाद्री. दोघांची जुनी दोस्ती. संध्याकाळी चर्चच्या पायरीवर बसून एकाच ताटलीतले शेंगदाणे खात. तांबट रविवारी चर्चला जाणारा, पण या वेळी त्याने दोघांचेही पाय धरले.

योगी म्हणाले, "रोज पहाटे ताठ बस. श्वास येतो, जातो, तो बघ. पण बसणं ही तिसरी पायरी आहे बरं का. पहिली म्हणजे कुणाला दुखवायचं नाही. दुसरी म्हणजे आहे त्यात समाधान मानायचं. त्या दोन आधी चढ."

"त्या काय, चढलेल्याच आहेत महाराज. मी कधी मुंगीसुद्धा मारली नाही."

पाद्री म्हणाले, "श्वासाबरोबर येशूचं नाव घे. मागू नकोस काही, नुसता त्याच्यासमोर बस. आवाज येतील, मन पळेल. चिडू नकोस, पुन्हा नावाकडे ये. आणि बसायच्या आधी घरात कुणाचं मन दुखावलेलं नाही ना, तेवढं बघून घे."

तांबट मान डोलवत घरी आला. लक्षात त्याच्या एवढंच राहिलं, की ताठ बसायचं.

पहिल्याच पहाटे कोंबडा आरवला. तांबटाने त्याच दिवशी तो पलीकडच्या गावात देऊन टाकला. मग तान्ही नात रडली. तांबट डोळे न उघडताच ओरडला, "त्या पोरीला गप्प करा!" लेक-सुनेने महिनाभर सोसलं आणि बाजारात दुकानामागच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं. सून जाताना सासूच्या गळ्यात पडून रडली. तांबट आत श्वास मोजत होता.

मग उरलं ते जातं. तांबटीण पहाटे दळायला बसे आणि दळता दळता तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटे. तांबट म्हणाला, "तुझी ही घरघर बंद कर. मी देवाजवळ बसलोय, कळत नाही?"

तांबटीण उठली. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारणीकडे जाऊन दळू लागली. थंडीचे दिवस, पहाटेचं दव. आठवडाभरात तिला खोकला झाला.

आता घरात तेवढा एकच आवाज उरला होता.

"तू गोठ्यात नीज," तांबट म्हणाला. "गाय तर विकलीच आहे. जागा मोकळी आहे."

तांबटीण हसली. "तुमच्या हातोड्याच्या आवाजात मी पाच लेकरं निजवली हो. तुम्हाला माझी एक ढास सोसवेना?"

तांबटाने नुसते डोळे मिटून घेतले. बोललं की मन विचलित होतं, असं तो हल्ली म्हणत असे. तांबटणीने घोंगडी उचलली आणि ती गोठ्यात गेली.

गावात मात्र तांबटाचं नाव झालं. लोक म्हणत, काय ही साधना, काय तो चेहरा! तांबटालाही ते पटू लागलं. डोक्यातली ठणठण खरोखरच कमी झाली होती.

नाताळ चार दिवसांवर आला होता. त्या पहाटे तांबट बसला आणि डोक्यातला हातोडा पहिल्यांदाच पुरता थांबला. ज्यासाठी एवढं केलं, ते हाताशी आलं होतं. एवढ्यात गोठ्यातून ढास ऐकू आली. मग हाक आली.

"अहो… जरा पाणी देता का?"

तांबटाने ती नीट ऐकली. हे त्यानेच पुढे सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत. त्याच्या मनात आलं, ही माझी परीक्षा आहे. उठलो तर सगळं गेलं.

"अहो…"

तो हलला नाही. थोड्या वेळाने खोकला थांबला आणि सगळीकडे शांत झालं. तांबटाच्या डोळ्यांतून आनंदाचं पाणी आलं. ऊन दारात येईपर्यंत तो तसाच बसून होता.

मग तो गोठ्यात गेला. तांबटीण दाराशी पडली होती, हात घराकडे केलेला. हातातलं भांडं त्यानेच लग्नाच्या वर्षी घडवलेलं. ते कोरडं होतं.

तिला माती दिल्यावर सगळे पांगले, तेव्हा तांबट योग्यांना आणि पाद्रींना म्हणाला, "मी तर तुम्ही सांगितलं तेच करत होतो."

योगी म्हणाले, "तू तिसऱ्या पायरीवर उडी मारलीस, बाबा. तिथे कुणी टिकत नाही."

पाद्रींनी कबरीवरची माती हाताने सारखी केली. मग म्हणाले, "ती जात्यावर काय पुटपुटायची, कधी विचारलंस? दर फेऱ्याला येशूचं एक नाव. तीस वर्षांपूर्वी मीच शिकवलं होतं तिला. तू आवाज करत होतास, लेकरं रडत होती, तरी तिचं कधी चुकलं नाही. ते तू घराबाहेर घालवलंस."

तांबट घरी आला. कोंबडा नाही, बाळ नाही, जातं नाही, खोकला नाही. पहाटे तो ताठ बसला. श्वास आत गेला, बाहेर आला, आणि गोठ्यातून हाक आली, "अहो…" तो धावत गेला. गोठ्यात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

शेवटी त्याने माळ्यावरून जुना हातोडा काढला. हल्ली भल्या पहाटे तो एक रिकामा हंडा पुढ्यात घेतो आणि थरथरत्या हातांनी ठोकत बसतो, हाक ऐकू येऊ नये म्हणून. हंड्याला भोकं पडली आहेत. आळीतले लोक आता म्हणतात, म्हाताऱ्याला वेड लागलं. पूर्वी हेच लोक त्याच्या पाया पडत.

तात्पर्य पोरांना सांगायचं ते असं, की देवाजवळ बसलेलं असताना घरातून हाक आली, तर आधी उठून ओ द्यावी, कारण देव पुन्हा भेटतो. थोरांना हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.