माझ्या बाबाला पुन्हा एकदा विचार

लाकूडतोड्याची गोष्ट तुम्हाला तोंडपाठ असणार. त्याची कुऱ्हाड तळ्यात पडली, परी वर आली, तिनं सोन्याची दाखवली, चांदीची दाखवली, तो म्हणाला माझी नाही, आणि शेवटी तिन्ही घेऊन घरी आला. मग शेजाऱ्याला हाव सुटली. त्यानं आपली कुऱ्हाड मुद्दाम पाण्यात टाकली, सोन्याची दिसताच ‘हीच माझी’ म्हणाला आणि हात हलवत परतला. तुम्ही हसलात आणि गुडूप झोपलात. पण त्या शेजाऱ्याला एक चिमुकली लेक होती, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. तिचं नाव शेवंती.

शेवंतीच्या घरची चूल त्या दिवसापासून कशीबशी पेटायची. कुऱ्हाड नाही म्हणून लाकडं नाहीत, आणि लाकडं नाहीत तर बाजारात विकायचं काय? आई रानातला पाला खुडून आणायची, तोच उकडून तिघं खायची. पण भुकेचं एक वेळ चाललं असतं. तिचा बाबा धोंडू दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा, ते तिला बघवत नव्हतं. गावातली पोरं तिला खेळायला घेत नसत, लबाडाची पोर म्हणत. ती घरी येऊन काही बोलायची नाही, पण बाबाला बरोबर कळायचं.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघरी आपापली हत्यारं, अवजारं घासूनपुसून पाटावर मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं घालतात. शेजारच्या भिवाकाकांच्या, म्हणजे त्या लाकूडतोड्याच्याच, पाटावर तिन्ही कुऱ्हाडी नुसत्या लखलखत होत्या. शेवंतीच्या आईनं आपली विळी मांडली. शेवंतीला मात्र राहून राहून वाईट वाटत होतं. आपली कुऱ्हाड बिचारी तळ्यात, गार गार गाळात, आणि आजच्या दिवशी तिला एक फूलसुद्धा नाही? कुऱ्हाड जिथं आहे तिथंच जाऊन पूजा करायची, असं तिनं ठरवून टाकलं. ओच्यात झेंडू बांधले, हळदकुंकवाच्या पुड्या घेतल्या, आणि बाईसाहेब निघाल्या रानात.

तळं निळंनिळं, काठावर इवल्याइवल्या जांभळ्या फुलांची झालर. शेवंतीनं हात जोडले आणि आणलेलं सगळं पाण्यात सोडलं. आधी हळद, मग कुंकू, मग केशरी झेंडू. पाणी पिवळं झालं, लाल झालं, बुडबुडलं, आणि परी वर आली. मोरपंखी रंगाचे पंख, पंखांवर चमचमते थेंब. पण केसांत हळद, नाकावर कुंकू आणि कानात झेंडूची पाकळी. परी आधी चांगली सटासट शिंकली.

“सगळे माझ्या डोक्यात कुऱ्हाडी टाकतात,” ती हसत म्हणाली. “फुलं टाकणारी तू पहिलीच. कुणाची गं तू?”

शेवंतीला दुसऱ्या कुणाचं नाव सांगता आलं असतं. तिनं मान खाली घातली.

“धोंडूची. सोन्याची कुऱ्हाड माझी म्हणाला ना, त्याची.”

परीनं शेवंतीची हनुवटी हळूच वर उचलली आणि सांगितलं की खरं बोललीस, आता एक काहीतरी माग. पण एकच. एकदा मागितलं की बदलायचं नाही, रडलीस तरी नाही. नवी कुऱ्हाड माग हवी तर, आत्ता देते.

नवी कुऱ्हाड! म्हणजे लाकडं, म्हणजे बाजार, म्हणजे गरम गरम भाकरी. शेवंतीच्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला सांगू? पण कुऱ्हाड खांद्यावर आली आणि बाबाची मान खालीच राहिली तर? तिनं पोटातली भूक दाबली.

“माझ्या बाबाला पुन्हा एकदा विचार.”

परीचा चेहरा गंभीर झाला. तसं मागशील तर नियम कडक आहेत, ती म्हणाली. बाबाला इथं का आणलंस ते सांगायचं नाही. काय म्हणायचं ते सुचवायचं नाही, खुणावायचंही नाही, त्याच्या पाठीमागे उभं राहायचं. आणि तो पुन्हा खोटं बोलला, तर तुमची कुऱ्हाड कायमची गेली, तुमच्या घरासाठी मी परत वर येणार नाही. तरी शेवंती हो म्हणाली.

धोंडू काही केल्या उठेना. तळ्याचं नाव काढताच त्यानं कानांवर हात ठेवले. शेवटी आई म्हणाली, पोर कधी हट्ट करत नाही, आज करतेय तर जा की. तेव्हा कुठे शेवंतीचं बोट धरून तो निघाला.

काठावर पोहोचताच परी वर आली. तिच्या हातात सोन्याची कुऱ्हाड, उन्हात अशी झळाळत होती की झाडंसुद्धा पिवळी दिसू लागली. परीनं विचारलं, ही तुझी का?

शेवंती पाठीमागे उभी. तिला बाबाची फक्त पाठ दिसत होती. तिनं स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं.

“ही माझी नाही,” धोंडू म्हणाला. मग त्याचा आवाज फुटला. “त्या दिवशीही नव्हती. मी खोटं बोललो होतो.”

चांदीचीही त्यानं नाकारली. जुनी लोखंडी वर आली तशी मात्र ती छातीशी धरून तो लहान मुलासारखा रडला. परीनं उरलेल्या दोन्ही पुढे केल्या, पण त्यानं हात जोडले. म्हणाला, या घेतल्या तर माझं मलाच वाटेल की यांच्यासाठी खरं बोललो. “पुन्हा विचारायला तुझ्या लेकीनंच सांगितलं होतं,” म्हणत परी खुदकन हसली. तिचे पंख उजळले, केस उजळले, आणि बघता बघता परीचा नुसता लख्ख सोनेरी उजेड झाला. तो तळ्यावर पसरला, बापलेकीच्या अंगावरून फिरला आणि विरून गेला.

धोंडू मागे वळला.

“तू मागितलंस हे? आणि मी पुन्हा तसाच वागलो असतो तर?”

“मला फार भीती वाटत होती,” शेवंती म्हणाली. “तरी तेच मागितलं.”

धोंडूनं एका खांद्यावर कुऱ्हाड घेतली, दुसऱ्यावर लेकीला बसवलं, आणि भरदुपारी, सगळा गाव दारात असताना, तो मधल्या रस्त्यानं मान वर करून घरी आला. वाटेत जो भेटला त्याला त्यानं आपणहून सगळं सांगितलं, आपण खोटं बोललो होतो तिथपासून.