पिल्लाच्या पोटाचे विरजण

डोंगरापलीकडच्या बांबूच्या रानात हत्तिणींचा एक कळप सुखाने नांदत होता. त्यातल्या सर्वांत धाकट्या हत्तिणीला पहिलेच पिल्लू झाले, आणि मुलांनो, तिचा आनंद रानात मावेना. पिल्लाच्या कानामागची धूळ ती झटकी, पायांची माती पुसे, उठल्यासुटल्या त्याला तळ्यावर नेऊन आंघोळ घाली. बाकीच्या हत्तिणी एकमेकींकडे बघून हसत. पहिलटकरणीचे हे असेच असते.

पिल्लू गवत चघळायला शिकत होते, तेव्हाची गोष्ट. एके सकाळी कळपातली थोरली मावशी चालता चालता लीद टाकून पुढे गेली. मागून पिल्लू आले, त्याने वाफाळत्या लिदीत सोंड घातली आणि चक्क एक गोळा तोंडात टाकला! नाक मुरडलेत ना? झाडावरच्या बगळ्यानेही मुरडले. "अरेरे! एवढ्या मोठ्या कुळातलं लेकरू आणि लीद खातं? आईचं लक्ष कुठे असतं?" हा बगळा स्वतः चिखलातले बेडूक गिळायचा, पण पंख पांढरेशुभ्र, म्हणून तोरा मोठा. बिचारी हत्तीण मात्र शरमेने अर्धी झाली. "शी, शी! टाक ते!" म्हणत तिने पिल्लाच्या तोंडातला गोळा काढून फेकला आणि त्याचे तोंड खळखळून धुतले.

त्या दिवसापासून ती पिल्लाला घेऊन कळपापासून लांब लांब राहू लागली. थोरल्या मावशीने हाक मारली, "अगं, लेकराला जरा माझ्यापाशी सोड की."

"नको मावशी, तो काहीबाही तोंडात घालतो."

"त्याचं वयच आहे ते," मावशी म्हणाली. पण ऐकते कोण!

नुसत्या दुधावर होते तोवर पिल्लाचे ठीक चालले. पाला-गवत पोटभर खायला लागले, तसे त्याचे पोट फुगले. फुगून फुगून नगाऱ्यासारखे टणक झाले. पिल्लू कण्हत आडवे झाले आणि आईचे दूधही घेईना. त्यातच रानातले तळे आटत आले होते. कळपाला पाण्याच्या शोधात निघणे भाग होते, आणि पिल्लाला तर उठताही येत नव्हते. त्याला मागे टाकून जायचे? हत्तीण धावत बगळ्याच्या झाडाखाली गेली. तिने बगळ्याला विचारले, "आता काय करू रे?"

"आणखी धू त्याला," बगळा म्हणाला आणि मासे पकडायला उडून गेला.

तेव्हा हत्तीण थोरल्या मावशीकडे धावली. "मावशी, माझं काय चुकलं गं? मी तर त्याला धुळीचा कण लागू दिला नाही."

मावशीने पिल्लाच्या पोटावरून हळूच सोंड फिरवली. "माया कमी नाही पडली, पोरी. पण पाला आपण नुसता चावतो, तो जिरवणारे वेगळेच असतात. आपल्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांची वस्ती असते. खाल्लेल्याचं सत्त्व तेच काढून देतात आणि वाईटांना थारा देत नाहीत. तुझ्या लेकराच्या पोटात अजून ती वस्ती भरलीच नाही. थोडे जीव तुझ्या दुधाबरोबर गेले असतील. पण पाला जिरवणारे आमच्यासारख्या जुन्या पोटांतून यावे लागतात."

"म्हणजे... ती लीद?"

"तीच. तू एवढीशी होतीस तेव्हा माझ्याच मागे मागे फिरायचीस. तोंड सगळं बरबटलेलं! तुझी आई नुसती हसायची."

हत्तिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. मुलांनो, दुधात विरजण घातल्याशिवाय दही लागत नाही, हे तुम्ही घरी पाहिलेच असेल. तसेच हे पोटाचे विरजण. तुमच्या तान्ह्या भावंडाला ते आईच्या दुधातून आणि तिच्या कुशीतून मिळते. हत्तीच्या पिल्लाला ते असेही घ्यावे लागते.

मावशीच्या ताज्या लिदीतला एक मऊ तुकडा हत्तिणीने स्वतःच्या सोंडेने उचलला आणि पिल्लाच्या ओठांशी धरला. पिल्लाने तोंड फिरवले. 'शी' म्हणणारी आई आज हेच भरवते आहे, हे त्याला कळेना. "खा रे माझ्या राजा," ती कळवळून म्हणाली, "आईचंच चुकलं." तेव्हा कुठे त्याने तोंड उघडले.

गुण काही लगेच आला नाही. वस्ती वसायला वेळ लागतो. तळ्यात नुसता चिखल उरला तरी एकही हत्तीण पिल्लाला सोडून गेली नाही. मावशीच्या लिदीचा घास आणि आईची सोंड त्याला रोज मिळत राहिली. मग एका दुपारी पिल्लाच्या पोटातून असा काही दणदणीत आवाज निघाला, की शेजारची माकडे शेंड्यावर जाऊन बसली! पोट सैल झाले. पिल्लू धडपडत उठले आणि थेट आईच्या दुधाला लागले.

दुसऱ्या दिवशी कळप नदीच्या वाटेला लागला. वाटेत मावशीने लीद टाकली, तसे पिल्लू मागे रेंगाळले आणि त्याने तीत तोंड खुपसले. हत्तीण थांबली, वळली आणि मायेने म्हणाली, "सावकाश खा रे, ठसका लागेल."

तात्पर्य : स्वच्छता हवीच, पण दिसत नाही तो प्रत्येक जीव वैरी नसतो. लेकराला जपण्याच्या नादात त्याच्या पोटाच्या पाठीराख्यांनाच धुऊन टाकू नये.